जुन्नर-आंबेगावच्या तरुणांपुढे प्रश्न : अकरा महिन्यांनंतर काय?

नारायणगावहून टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याहून कांदा, मंचरहून बटाटा आणि भाजीपाला रोज बाहेर जातो. त्याच पुणे-नाशिक महामार्गाने शिकलेली मुले चाकण-भोसरीची वाट धरतात. शेतमालावरची प्रक्रिया दुसरीकडे होते आणि तिथला रोजगारही दुसरीकडेच तयार होतो. जुन्नर आणि आंबेगावच्या तरुणांचा प्रश्न इथून सुरू होतो.

प्रश्न फक्त इथलाच आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानुसार, २०२३ मध्ये जगातील १५ ते २४ वयोगटातील दर पाचांपैकी एक जण शिक्षण, नोकरी किंवा प्रशिक्षण यांपैकी कशातच नव्हता. तरुणींमध्ये हे प्रमाण २८ टक्के, तर तरुणांमध्ये १३ टक्के होते. भारतात पदवी हाती असूनही काम मिळत नाही, ही वेगळीच अडचण आहे. बेरोजगारांमधील शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० मध्ये ५४.२ टक्के होता, तो २०२२ मध्ये ६५.७ टक्क्यांवर गेला.

सरकार काय देते?

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयोगटातील बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन मिळते. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत २०२५ मध्ये अकरा महिने झाली. स्वतःचा उद्योग काढणाऱ्यांसाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या २५ ते ३५ टक्के अनुदान मिळते.

मग अडते कुठे?

दोन योजनांच्या मधल्या जागेत. ही योजना प्रशिक्षणाची आहे, नोकरीची हमी नाही, हे सरकारचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. पण सरकारी कार्यालयात अकरा महिने काम केलेल्या मुलासाठी तिथे पद नसते आणि बँकेत न्यायला प्रकल्प अहवालही नसतो. म्हणूनच मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी आंदोलनाला उतरले.

मुलींची अडचण आणखी एक. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असताना संध्याकाळची एसटी वेळेवर नसेल, तर घरचे क्लास किंवा नोकरी सोडायला सांगतात. फी माफ झाली तरी रस्ता सुरक्षित होत नाही.

इथे काय शक्य आहे?

बरेच काही. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. पेसा आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला आहे. वाळवणी, प्रतवारी आणि साठवण गावातच झाली, तर तेच काम तरुणांचा व्यवसाय होईल. जुन्नर २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. गड आणि लेणी समजावून सांगणारे वाटाडे आणि घरगुती निवास व्यवस्था हे इथल्या मुलामुलींचे काम आहे.

काय बदलायला हवे?

पहिले, प्रशिक्षणार्थींना केवळ कार्यालयांत न बसवता शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्र आणि पर्यटन व्यवसायातही पाठवावे. दुसरे, शेवटच्या तीन महिन्यांत प्रत्येकाचा कर्जाचा प्रस्ताव किंवा नोकरीचा अर्ज तयार करून घ्यावा. तिसरे, एसटीच्या फेऱ्या कॉलेज आणि कामाच्या वेळांशी जुळवाव्यात.

आणि योजनेचे यश किती जणांनी नोंदणी केली यावर मोजू नये. प्रशिक्षण संपल्यानंतर वर्षभराने किती जण कामावर आहेत, हा आकडा तालुकानिहाय जाहीर करावा. तो जाहीर होत नाही तोवर विद्यावेतन म्हणजे बेरोजगारी अकरा महिन्यांनी पुढे ढकलणे, एवढाच अर्थ उरतो.