मिरगाच्या आधीची बेगमी

मे महिना सरत आला की काटोलच्या वस्त्यांमधून पूर्वी एकच लगबग असायची. पऱ्हाट्या-तुराट्या कोरड्यात रचायच्या, गोवऱ्या झाकायच्या, सरवळ्या-मुंगवड्या डब्यात भरायच्या. मजुरी करणाऱ्या घराला पावसाची झड म्हणजे चार-आठ दिवस कामही नाही आणि चूलही ओली. आमची आजी झडीसाठी ज्वारीचे पीठ वेगळे ठेवायची, त्या डब्याला एरवी हात लावू द्यायची नाही. आम्ही तिला कंजूष म्हणायचो!

आता गॅस आला, किराणा कोपऱ्यावर मिळतो. बेगमी सुटली. नदी-नाले मात्र तेच आहेत.

आपल्या शेजारच्या मोवाडची आठवण जुन्या माणसांना असेलच. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने तिथे 204 माणसे नेली. पुढे गाव उंच जागी नव्याने वसवावे लागले. ही नदी उगम पावते मध्य प्रदेशात, मुलताईकडे सातपुड्यात. म्हणजे आपल्या अंगणात थेंब नसला तरी वरच्या पावसाने पूर येतो. म्हणून नाल्याकाठच्या बंधू-भगिनींनो, केवळ आपले आभाळ पाहून निश्चिंत झोपू नका. पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागला की उठायचे, भांडी आवरत बसायचे नाही. म्हाताऱ्या माणसांना कोण धरणार, लेकरे कोणाकडे, जमायचे कुठे, विहारात की शाळेत, हे एका संध्याकाळी जेवताना ठरवून टाका. दोन्हींत जे उंचावर असेल ते. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 हे आकडे लेकरांकडून पाठ करून घ्या.

पूर ओसरल्यावर हगवण लागते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. चमचा चहाचाच.

संत्र्याच्या बागेत, कपाशीत कामाला जाणाऱ्यांनी गडगडाट ऐकताच झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे. मुकादम काहीही म्हणो!

आणि कागद. हे आम्ही स्वतः पोळल्यामुळे सांगतो. जातपडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्या घरी तो पुरावा म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. तो पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी ठेवला होता. एका रात्री घरात वीतभर पाणी शिरले आणि दाखल्याचा लगदा झाला. आजोबांच्या शाळेत खेटे घालून, जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातून नक्कल मिळवली. तोवर मुलीच्या प्रवेशाची मुदत गेली होती, तिचे एक वर्ष वाया गेले. चूक आमचीच, पेटी जमिनीवर होती.

ती नक्कल आता दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वरच्या फळीवर आहे. एक झेरॉक्स मामाकडे नागपुरात आहे.