मका, राय आणि जळालेला ओक

अमेरिकन व्हिस्कीची चव मुख्यतः तीन गोष्टींनी घडते: कोणते धान्य किती घेतले, पिंप कसे होते आणि बाटली भरताना मद्यार्क किती ठेवला. एकाच बाटलीला एक जाणकार मधाळ म्हणतो आणि दुसरा गुळचट म्हणून बाजूला सारतो. अशा मतभेदाचे मूळ बहुतेक वेळा या तिन्हींत सापडते. किंमत, वय आणि दुर्मीळपणा यांना बाजारात जेवढा मान आहे, तेवढा चवीच्या हिशेबात नाही.

अमेरिकन व्हिस्कीतली सर्वांत प्रसिद्ध जात बर्बन. अमेरिकी नियमांप्रमाणे तिच्या धान्यात किमान 51 टक्के मका लागतो. ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्क 80 टक्क्यांहून जास्त चालत नाही, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांच्या वर जाता येत नाही आणि बाटलीत तो किमान 40 टक्के हवा. पिंप ओकचे, कोरे आणि आतून जाळलेले असावे लागते. ‘स्ट्रेट’ बर्बनला किमान दोन वर्षे मुरावे लागते आणि तिच्यात वरून रंग किंवा स्वाद मिसळता येत नाही. बर्बन केंटकीतच बनते हा मोठा गैरसमज आहे. ती अमेरिकेत कुठेही बनवता येते. 1964 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून ठरावाने मान्यता दिली, तेव्हाही कोणत्याही एका राज्याचा हक्क त्यात नव्हता. चुनखडीतून झिरपणारे, लोहविरहित पाणी आणि आसपासचे मक्याचे पीक यांमुळे हा व्यवसाय केंटकीत स्थिरावला, हे मात्र खरे.

मक्याचा गोडवा सगळ्याच बर्बनमध्ये असतो. पिणाऱ्यांचे तट पडतात ते दुसऱ्या धान्यावरून. मोड आणलेली बार्ली बहुधा थोडीशी असते, कारण तिच्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. उरलेल्या जागेत बहुतेक कारखाने राय हे धान्य घालतात. रायमुळे मिरी, लवंग, दालचिनीकडे झुकणारा तिखटपणा येतो आणि शेवट कोरडा होतो. मेकर्स मार्क आणि वेलर यांच्यात रायऐवजी गहू असतो, त्यामुळे त्या मऊ आणि गोलसर लागतात. ज्याला गव्हाची बर्बन आवडते त्याला जास्त रायची बर्बन बोचरी वाटणे साहजिक आहे, आणि उलट बाजूने गव्हाची बर्बन मिळमिळीत वाटणेही तितकेच साहजिक. फोर रोझेसचा कारखाना या बाबतीत उत्तम पाठशाळा आहे. तिथे रायचे प्रमाण 20 आणि 35 टक्के अशी दोन धान्यमिश्रणे आणि पाच प्रकारचे यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या पाककृती तयार होतात. मिश्रण तेच ठेवून यीस्ट बदलले, तरी फळांचा किंवा फुलांचा गंध कमीजास्त होतो.

राय व्हिस्की हा बर्बनहून जुना प्रवाह. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड ही तिची मूळ घरे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्ननला 1797 मध्ये सुरू केलेल्या भट्टीतही प्रामुख्याने रायच वापरली जाई. 1920 ते 1933 च्या दारूबंदीने हा व्यवसाय मोडला आणि नंतर अनेक दशके राय जवळजवळ विस्मृतीत गेली. एकविसाव्या शतकात जुन्या कॉकटेलांची आवड परतली तेव्हा मॅनहॅटन या कॉकटेलसाठी तिची आठवण झाली. आज राय या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या चवी विकल्या जातात. केंटकीतल्या अनेक कारखान्यांची राय 51 टक्क्यांच्या जेमतेम वर असते आणि बर्बनची धाकटी बहीण शोभते. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची प्रसिद्ध राय व्हिस्की 95 टक्के राय धान्याची असते. तिला बडीशेप, पुदिन्याचा गंध येतो. एक चाखून दुसरीबद्दल मत बनवणे चूक आहे.

टेनेसीत पिंपाआधी आणखी एक पायरी असते. नवी दारू पिंपात जाण्यापूर्वी शुगर मेपलच्या कोळशातून गाळली जाते. त्याच नावाच्या टेनेसी व्हिस्कीचे संस्थापक जॅक डॅनियल यांना ऊर्ध्वपातन शिकवणारे निअरेस्ट ग्रीन हे गुलामीत राहिलेले कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांचे श्रेय कारखान्याने उघडपणे मान्य करायला 2016 साल उजाडावे लागले. ही उशिराची दखल अमेरिकन व्हिस्कीच्या इतिहासातली महत्त्वाची दुरुस्ती आहे.

पिंपाचा वाटा सर्वांत मोठा. आतून जाळलेल्या ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा गंध मिळतो, लाकडातल्या शर्करांपासून कॅरॅमलची छटा, तर लॅक्टोनांमुळे ओल्या खोबऱ्याचा आभास. स्कॉटलंडमध्ये बहुधा वापरलेली पिंपे आणि थंड हवा असल्याने दारू सावकाश मुरते. केंटकीत पिंप कोरे आणि उन्हाळा कडक, त्यामुळे लाकूड लवकर उतरते. उंच गोदामांत वरच्या मजल्यावरची पिंपे तापतात, खालची थंड राहतात, आणि एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे काही वर्षांनी वेगळी लागतात. म्हणून 18 वर्षांची स्कॉच आणि 18 वर्षांची बर्बन यांची तुलनाच गैर. सहा ते बारा वर्षांच्या टप्प्यात धान्य आणि लाकूड यांचा समतोल चांगला असतो. वीस वर्षांपुढच्या अनेक बर्बन तुरट आणि लाकडी होतात. तो तुरटपणा आवडणारेही आहेत, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत चवीची नसते.

तिसरी गोष्ट मद्यार्काची. 1897 च्या ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्याने भेसळीला आळा घातला. एकाच कारखान्याची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर 50 टक्क्यांची दारूच हे नाव लावू शकते. माफक किमतीत आजही याहून भरवशाची खूण नाही. 1988 मध्ये आलेल्या बुकर्सने पाणी न घालता थेट पिंपातल्या ताकदीची बाटली लोकप्रिय केली. मद्यार्क तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, त्यामुळे 60 टक्क्यांच्या घोटात कुणाला फक्त जळजळ कळते, तर सरावलेल्याला त्यामागचे फळ आणि मसाला. थोडे पाणी घालण्यात कमीपणा नाही. पण ताकद कारखान्याने कमी केलेली सगळ्यांना चालत नाही. 2013 मध्ये मेकर्स मार्कने मागणी पुरवण्यासाठी 45 टक्क्यांवरून 42 वर येण्याचे जाहीर केले आणि ग्राहकांच्या संतापामुळे काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. पिणारे तीन टक्क्यांसाठी भांडतात, याचा अर्थ चव त्यांना मनापासून महत्त्वाची वाटते.

हीच निष्ठा दुर्मीळ बाटल्यांच्या शर्यतीत भरकटते. 1970 आणि 80 च्या दशकांत अमेरिकन तरुण व्होडकाकडे वळल्याने बर्बन पडून होती. 1984 ची ब्लँटन्स, म्हणजे एकाच पिंपातून भरलेली बाटली, त्याच मंदीतून सावरण्यासाठी बाजारात आली. आज पॅपी व्हॅन विंकल ही दुर्मीळ बर्बन छापील किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाते. इतके पैसे मोजलेल्या माणसाला ती सामान्य वाटली तरी कबूल करणे जड जाते. लेबल झाकून चाखणे हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. गव्हाची बर्बन, जास्त रायची बर्बन आणि 95 टक्क्यांची राय, या तीन थोड्या थोड्या शेजारी ठेवल्या की आपला कल कुठे आहे ते एका बैठकीत कळते.

या पिंपांचा भारताशी धागा आहे. बर्बनसाठी पिंप कोरेच लागत असल्याने एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात. गोव्यात बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच बर्बनच्या पिंपांत मुरते, त्यामुळे गोव्याची व्हिस्की आवडणाऱ्याला बर्बनच्या व्हॅनिलाची ओळख आधीच झालेली असते. शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये भारताने बर्बनवरील आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणले. बाटली घेण्यापूर्वी मद्यार्काचे टक्के पाहावेत, मागच्या लेबलवर ती कोणत्या राज्यात बनली ते वाचावे, आणि धान्याचे प्रमाण कारखान्याने जाहीर केले असेल तर तेही शोधावे. पैसे त्यानंतर मोजावेत.