हुकूम आला असता तर?

भिलाईतलं पोस्टिंग म्हणजे पहाटेची परेड, एनसीसीची पोरं आणि रिकाम्या संध्याकाळी. परवा काही कॅडेट्सनी लॅपटॉपवर ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ लावला. शेवटी पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी गप्प बसलो. एकाने विचारलंच, "सर, आवडला नाही?"

नाही आवडला. का, ते सांगतो.

मूळ चित्रकादंबरी मी खडकवासल्याला कॅडेट असताना कोर्समेटकडून घेऊन वाचली होती. लेखन ॲलन मूरचं, चित्रं डेव्हिड लॉइडची. थॅचरबाईंच्या राज्यात, 1982 पासून ती ब्रिटनमध्ये क्रमशः येऊ लागली. 2006 साली सिनेमा प्रदर्शित झाला, पण मूरने त्यावर आपलं नाव लावू दिलं नाही. माझ्या मते बरोबर केलं.

पुस्तकात अणुयुद्धानंतर घाबरलेले लोक स्वतःच हुकूमशाहीला घरात घेतात. सिनेमात सत्तेसाठी रोग पसरवण्याचं कारस्थान होतं आणि लोक फसतात. म्हणजे जनता निर्दोष सुटली! पुस्तकातला हुकूमशहा एकाकी आहे, चक्क एका संगणकाच्या प्रेमात पडलेला. त्याची कीव येते आणि म्हणूनच भीती वाटते. सिनेमात उरतो तो पडद्यावरून खेकसणारा चेहरा. असा राक्षस कोणीही ओळखेल. खरे हुकूमशहा इतके सोपे नसतात.

पण माझा खरा राग शेवटावर आहे. मुखवटे घातलेला जमाव चालत येतो, सैनिक बंदुका रोखून उभे. वरिष्ठांशी संपर्क होत नाही, म्हणून अधिकारी बंदुका खाली करायला सांगतो. जमाव पार होतो, संगीत वाजतं. अहो, तिथे त्या अधिकाऱ्याच्या विवेकाची परीक्षा झालीच कुठे? हुकूम देणारा आधीच मेलाय! हुकूम आला असता तर त्याने काय केलं असतं? सिनेमा नेमका इथे पळ काढतो.

गणवेशातल्या माणसासाठी हाच एक प्रश्न आहे. जमावासमोर लष्कराने कमीत कमी बळ वापरावं, असं आपला कायदा सांगतो. ‘कमीत कमी’ म्हणजे किती, हे मात्र त्या मिनिटाला उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. फ्लॅग मार्चमध्ये मी तसा उभा राहिलोय. तेव्हा कानात संगीत वाजत नाही, स्वतःचा श्वास ऐकू येतो.

पोरांना म्हटलं, लंडन राहू द्या. इथलं पॉवर हाउस स्टेशन माहीत आहे ना? 1 जुलै 1992 रोजी तिथे रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून जास्त माणसं गेली. तिथे कुणाच्या तोंडावर मुखवटा नव्हता, आणि बंदुका खाली झाल्या नाहीत.

खोली शांत झाली. मग मघाचाच कॅडेट हळूच म्हणाला, "सर, तुम्ही काय केलं असतं?"

सिनेमाने हा प्रश्न विचारायला हवा होता. तो त्या पोराने विचारला. उत्तर मी अजून शोधतोय.