पाहणे आणि पारखणे

निवासी शाळेत दूरचित्रवाणीला वेळेची शिस्त असते. ठरलेल्या दिवशी संच सुरू होतो आणि घंटा झाली की बंद होतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले घरी जातात, तेव्हा ही शिस्त उरत नाही. म्हणून प्रत्येक पालक सभेत एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, पोरं टीव्हीपुढून उठतच नाहीत, काय करावं?’

माझे मत असे की, संच बंद करणे हे या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हे. मूल काय पाहते याची आपण काळजी करतो. पण पाहून झाल्यावर घरात काय बोलले जाते, याचा विचार फारसा करीत नाही. मालिका असो वा सामना, त्यावर प्रत्येक घरात मते व्यक्त होतातच. त्या मतांना कारणे असतात का, हा खरा प्रश्न आहे. कारणासह मत मांडण्याची सवय मुलाला जेवणाच्या ताटावर लागू शकते. ती लागली नाही, तर शाळेने शिकविलेला इतिहास परीक्षेपुरताच उरतो.

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १८ मे २०१९ रोजी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाह वाहिनीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची आणि शिवानी रांगोळे यांनी माता रमाईची भूमिका केली. एका खासगी मनोरंजन वाहिनीवर, मराठी घराघरांत, बाबासाहेबांचे चरित्र दररोज दिसावे ही घटना लहान नव्हती. ज्यांनी कधी चरित्रग्रंथ हाती धरला नव्हता अशा माणसांपर्यंत ते चरित्र पोहोचले. त्याबद्दल कृतज्ञता बाळगलीच पाहिजे.

परंतु कृतज्ञतेने चिकित्सा थांबता कामा नये. मालिका सुरू होताच अनेक घरांत संचापुढे हात जोडले जात. भावना समजण्यासारखी आहे. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनीच राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते असा इशारा दिला होता, आणि १९४३ मध्ये रानडे यांच्यावरील व्याख्यानात विभूतिपूजेची कठोर तपासणी केली होती. त्यांच्यावरील मालिका पाहताना त्यांचीच शिकवण बाजूला ठेवणे बरोबर नव्हे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझे या माध्यमाबद्दल एक निरीक्षण आहे. दूरचित्रवाणीला प्रसंग जमतो, चिकाटी जमत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला बाबासाहेबांनी ओंजळ लावली, तो क्षण पडद्यावर अंगावर रोमांच आणतो. पण त्या तळ्याचा दावा न्यायालयात पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तारखा, कागदपत्रे, साक्षी आणि वाट पाहणे यांची ती दहा वर्षे पार्श्वसंगीतावर बसविता येत नाहीत. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचीत, हे आता वर्गातील प्रत्येक मूल सांगते. ते काय वाचीत होते, असे विचारले की वर्ग शांत होतो. लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हे त्या मुलाला घरातल्या कुणी सांगितले, तर मालिकेने अर्धवट सोडलेले काम पूर्ण होईल.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी थेट नाते सांगणारे आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. आजच्या अहिल्यानगरला अभिमान वाटावा असा हा वारसा आहे. २०२० च्या जानेवारीत सोनी मराठी वाहिनीवर ‘सावित्रीजोती’ ही मालिका आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पुरेसा प्रेक्षकवर्ग न लाभल्याने, बंद झाली. मालिका बंद होताच हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ निघाले. त्यांच्यापैकी कितीजणांनी ती नियमित पाहिली होती? वाहिनी प्रेक्षकसंख्येवर चालते; जयंतीच्या मिरवणुकीतील गर्दी तेथे मोजली जात नाही. जे टिकावे असे वाटते ते पाहणे आणि त्याविषयी चार घरांत बोलणे, हीसुद्धा एक सामाजिक जबाबदारी आहे.

रोजच्या कौटुंबिक मालिकांबद्दल थोडक्यात लिहितो. त्या पाहणाऱ्या माता-भगिनींना हसण्याचे कारण नाही. दिवसभर राबलेल्या स्त्रीला अर्धा तास करमणूक हवी असते आणि सासर-माहेरच्या व्यवहारावर तिची मते पुष्कळदा लेखकापेक्षा नेमकी असतात. मात्र एक गोष्ट मुलांना मोजायला सांगावी : या मालिकांत कुणाची घरे दिसतात? भव्य दिवाणखाना, दागिन्यांनी मढलेली सून, खानदानाची प्रतिष्ठा. आपल्या पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहतात आणि मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना वसतिगृहात ठेवतात. त्या कोपीत मोबाइलच्या पडद्यावर तीच मालिका चालू असते, पण मालिकेत ती कोपी नसते. हे मुलाच्या लक्षात आले, की ते नुसते प्रेक्षक राहत नाही.

आता खेळांकडे वळू. खेळाचे प्रक्षेपण ही न्याय्य मत बनविण्याची उत्तम शाळा आहे, कारण तेथे प्रसंग सर्वांपुढे घडतो आणि पुन्हा पाहता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्याच अहिल्यानगरात झाली. पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला, एका मल्लाने पंचांना लाथ मारली, आणि पुढे दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. घराघरांत दोन तट पडले. एक म्हणे पंच चुकले, दुसरा म्हणे मल्ल चुकला. वास्तविक पंचांचा निर्णय वादग्रस्त असू शकतो आणि तरीही पंचांवर पाय उगारणे अक्षम्यच ठरते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी करता येतात, हे ज्या मुलाला उमगले त्याला न्याय म्हणजे काय हे थोडेफार कळले.

क्रिकेटमधला असाच एक धडा संगमनेर तालुक्यातील चंदनापुरीशी नाते सांगणाऱ्या अजिंक्य रहाणे यांचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. त्यानंतर नेतृत्व रहाणेंकडे आले. त्यांनी मेलबर्नला ११२ धावा केल्या आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिका जिंकली. मधल्या सिडनी कसोटीत प्रेक्षकांतून मोहम्मद सिराज यांना उद्देशून अपशब्द आले, तेव्हा खेळ थांबविण्यात आला आणि काही प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले. विजयानंतर मुंबईत स्वागताला कांगारूची आकृती असलेला केक आणला गेला. तो कापायला रहाणेंनी नकार दिला. प्रतिस्पर्ध्याच्या राष्ट्रीय प्राण्याचा मान राखला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. धावफलक सर्वांना पाठ असतो. हा नकारही मुलांना सांगावा.

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे समालोचक सहज बोलून जातात. पाळवणकर बाळूंचा इतिहास वेगळे सांगतो. चर्मकार समाजातील हा महान डावखुरा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पुण्यात मात्र त्याला चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चाले. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. बाळूंनी १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवारी केली आणि ते पराभूत झाले. त्यांचे राजकारण आपल्याला पटत नाही, म्हणून त्यांची गोलंदाजी कमी होत नाही.

हा फार जुना काळ, असे म्हणावे तर २०२१ चे टोकियो ऑलिंपिक आठवावे. वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. काही दिवसांतच उपान्त्य सामन्यात भारत हरला, आणि हरिद्वार जिल्ह्यातील त्यांच्या घरापुढे काहीजणांनी नाचून जातिवाचक शिवीगाळ केली. ती माणसेही त्यांच्या घरात सामनेच पाहत होती. खेळाडूच्या चुकीवरून त्याच्या जातीवर, धर्मावर वा प्रांतावर घसरण्याची सवय मैदानात लागत नाही. ती संचापुढच्या सतरंजीवर लागते. आपल्या घरातही पराभवानंतर कोणते शब्द उच्चारले जातात, याकडे आपले लक्ष असले पाहिजे. ज्यांनी अवहेलना सोसली, त्यांच्या तोंडी दुसऱ्याची अवहेलना शोभत नाही.

जाहिराती हा कार्यक्रमाचाच भाग झाला आहे. कित्येक वर्षे सामन्यांच्या मधल्या वेळेत नामवंत खेळाडू मुलांना मोबाइलवर पैसे लावून संघ बनवायला सांगत होते. पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. कायदा होईपर्यंत थांबण्याऐवजी, ‘हा खेळाडू हे का सांगतो आहे, त्याला याचे काय मिळते?’ एवढे घरातल्या मोठ्या माणसाने विचारले, तरी पुष्कळ मुले वाचली असती.

भगवान बुद्धांनी केसमुत्तच्या कालामांना सांगितले, की केवळ ऐकिवात आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. पडद्यावर दिसले म्हणून, हे आणखी एक कारण आपल्या काळाने त्या यादीत घातले आहे.

यासाठी वेगळा खर्च नाही. पालकांनी सुट्टीत रोज एक कार्यक्रम मुलाबरोबर पाहावा आणि ‘तुला काय वाटले?’ यानंतर ‘कशावरून?’ हा प्रश्न न चुकता विचारावा. ज्यांना अक्षरओळख कमी आहे त्यांनाही हा प्रश्न विचारता येतो. माजी विद्यार्थ्यांनी मालिकेत आलेल्या एखाद्या घटनेवरचे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाला द्यावे. आम्ही शिक्षक सुट्टीनंतरचा पहिला तास मुलांच्या मतांसाठी राखून ठेवू. मूल आपल्या मताशी असहमत झाले, तर त्याला गप्प करू नये. त्याच्याकडे कारण मागावे आणि आपलेही द्यावे. त्या क्षणी त्याचे शिक्षण चालू असते.

जय भीम!