पुढचं पुस्तक ‘फ्रँकेन्स्टाईन’च!

मंडळी, गेल्या सेमला आपल्या वाचनकट्ट्यावर ‘वॉर अँड पीस’ घेतलं आणि सबमिशन येईपर्यंत वीसातले सहा जण उरले. (मीही मध्येच गळालो, खोटं कशाला बोलू!) आता पुन्हा एकोणिसाव्या शतकातलंच पुस्तक निवडायचं आहे, तर माझं मत मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाईन’ला. १८१८ साली ते छापलं गेलं तेव्हा ती २० वर्षांची होती, म्हणजे आपल्या टी.ई.वाल्यांच्या वयाची.

भुताची गोष्ट म्हणून नाक मुरडू नका. फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचं नावच नाही, ते त्याला बनवणाऱ्या विद्यार्थ्याचं आहे. सतराव्या वर्षी घर सोडून इंगोलश्टाटला शिकायला गेलेला हा पोरगा खोलीत कोंडून घेतो, घरी पत्र धाडत नाही, रात्र-रात्र जागून ‘प्रोजेक्ट’ पुरा करतो. आणि त्या जिवाने डोळे उघडताच घाबरून पळतो! त्याला साधं नावसुद्धा देत नाही. पुढचे खून होतात ते त्या पळण्यामुळे. व्हायवा संपली की मॉडेल जिन्याखाली टाकून मोकळे होणारे आपण, आपल्याला हे झोंबणार. झोंबू दे की!

सर-मॅडमनाही आग्रहाचं बोलावणं. सुरुवातीची चार पत्रं तेवढी वाचून या.