आधी थांबणे, मग पळणे

रामनवमीच्या दिवसांत वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या रस्त्याकडेला तासभर उभे राहावे आणि येणारी वाहने पाहावीत. मानोऱ्याकडून, दिग्रसकडून माणसांची रीघ लागलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात, टेम्पो येतात, एसटीच्या गाड्या येतात, कर्नाटक-तेलंगणच्या पाट्यांची वाहने येतात. या गर्दीत मधूनच एखादी उघडी जीप अवतरते. टप काढलेला, पुढची काच बॉनेटवर निजवलेली, टायर हातभर रुंद, पुढे ओळीने दिवे आणि छातीत धडकी भरवणारा हॉर्न. पोरे माना वळवून पाहतात आणि खरे सांगायचे तर त्यांचे बापही पाहतात. आपल्याकडे अशी एक गाडी असावी, हा विचार त्या क्षणी ज्याच्या मनाला शिवत नाही, असा पुरुष विरळाच!

वर छप्पर नसलेल्या गाडीचे हे वेड जगभरचे आहे. इंग्रजांनी एमजीसारख्या छोट्या उघड्या गाड्या करून त्याला खतपाणी घातले. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी आणली आणि तिने या जातीच्या गाड्यांत खपाचा विक्रम केला. परदेशात कॉलेजातली मुले आणि निवृत्त गृहस्थ अशा जुन्या गाड्या स्वस्तात घेतात, सुटीच्या दिवशी त्यांच्याखाली पडून राहतात आणि हात काळे करून आनंदाने जेवायला बसतात. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची दोन आसनी उघडी मोटार निघाली होती, पण ती फारशी रुजली नाही. सामान्य माणसाच्या आवाक्यातली, खेड्यातल्या मिस्त्रीला उमगणारी आणि टप काढता येणारी आपली गाडी म्हणजे जुनी जीप. आणि तिच्या पाठोपाठ १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सी.

जीप ही मूळची लढाईवरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. टप उघडा ठेवला तो हौसेसाठी नव्हे, तर सैनिकाला झटकन उडी मारता यावी म्हणून. पुढे महिंद्रांनी विलीज कंपनीची जीप आपल्या देशात आणली आणि तिच्या पिढ्या इथेच वाढल्या. पेट्रोलचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. काहींना ट्रॅक्टरच्या वंशातले इंजिन मिळाले, तर एमएम ५४० ला फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घराण्यातले. तहसीलदाराची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, प्रचाराची जीप, वरातीची जीप! वऱ्हाडातल्या एका अख्ख्या पिढीने मोटार म्हणून पहिल्यांदा पाहिली ती हीच. २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला. पण जुन्या जीपचा मोह काही सुटला नाही. उलट नव्या गाडीची किंमत ऐकून अनेकांची पावले जुन्या बाजाराकडेच वळली.

आमचीही वळली होती, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार. काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी जीप घेतली. घेतल्यावर पहिला खर्च केला तो रंगावर. दुसरा टायरवर, तिसरा हॉर्नवर. आईला, पत्नीला आणि दोन मुलांना बसवून मोठ्या दिमाखात पोहरादेवीला जाऊन आलो. देवीचे दर्शन झाले, सेवालाल महाराजांच्या समाधीवर माथा टेकला, पोरांनी शेव-चिवडा खाल्ला. परतताना मानोऱ्याच्या अलीकडे एक उतार लागला. समोर बैलगाडी दिसली म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, तर पॅडल थेट तळाला! भरभर पंपिंग केले, तरी पायाखाली काहीच लागेना. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, बैलगाडी कशीबशी चुकवली आणि गाडी शेजारच्या नांगरलेल्या शेतात घातली. कोणाला खरचटलेही नाही. पण ढेकळांत गाडी थांबल्यावर आई काहीच बोलली नाही. तिने फक्त नातवाला इतके घट्ट धरले होते की त्याच्या दंडावर बोटे उमटली होती. ती बोटे आम्ही अजून विसरलो नाही.

कारण शोधले, ते हास्यास्पद निघाले. मागच्या एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधला काही रुपयांचा रबरी तुकडा झिजला होता. त्यातून ब्रेक ऑइल गळत होते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेल एकाच वाटेने जाते. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाके मोकळी. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात, एक गेली तरी दुसरी धरते. जुन्या जीपमध्ये वाचवतो तो हँडब्रेक, कारण तो चाकांना न धरता मागे जाणाऱ्या दांड्याला धरतो. चाकाच्या आत पसरलेला ओला डाग गाडी विकणाऱ्याने दाखवला नव्हता हे खरे, पण आम्ही तरी कुठे वाकून पाहिला होता? आम्ही रंगाच्या छटा पाहत होतो. गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री हात पुसत एवढेच म्हणाले, "भाऊ, पयले थांबाले शिकवा गाडीले, मंग पयाले."

या एका वाक्यात जुनी गाडी घेण्याचे सारे शास्त्र आले आहे.

आणि हे शास्त्र पोहरादेवीला नवे नाही. बंजारा समाजाची काशी म्हणून हे गाव ओळखले जाते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या समाजाचा वारसा तिथे मांडला आहे, तो समाज एकेकाळी देशाची मालवाहतूक करीत होता. आगगाडी येण्यापूर्वी मीठ आणि धान्य हजारो बैलांच्या पाठीवरून देशभर फिरे, ते बंजाऱ्यांच्या लदेणीतून. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात काम केलेल्या कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने बंजाऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे. त्या काळच्या वर्णनांत तांड्यातल्या एका मानाच्या बैलाचा उल्लेख येतो. त्याला रेशमी गोंडे, पितळी घुंगरे आणि कवड्यांनी सजवलेले असे. पण त्याच्या पाठीवर ओझे कधी लादत नसत. ओझे वाहणारे बैल वेगळे.

आपण काय करतो? एकाच जीपला गोंडेही बांधतो आणि तिच्यात पंधरा माणसेही कोंबतो. जो पैसा तिच्या खुरांवर खर्च व्हायचा, तो तिच्या शिंगांवर जातो. लदेणीवाल्याने असे केले असते तर अर्ध्या वाटेतच त्याचे मीठ मातीत गेले असते.

तेव्हा ज्यांना जुनी उघडी गाडी घ्यायचीच आहे, त्यांनी आधी कागद पाहावेत, मग लोखंड, आणि रंग सर्वांत शेवटी. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे इथल्या जुन्या जीपवर अकोल्याचा एमएच ३० असतो आणि नंतरच्या गाड्यांवर वाशीमचा एमएच ३७. नंबर कोणताही असो, आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. नंबरच्या आसपास घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर चहा पिऊन परत यावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे का ते पाहावे. कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर तो आधी उतरवून घ्यावा. हरियाणातले डबवाली जुन्या जीप नव्याने बांधून देण्याबद्दल प्रसिद्ध आहे, तिथल्या गाड्या दिसायला देखण्या असतात. पण परराज्यातली गाडी आणायची म्हणजे तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि इथला कर पुन्हा भरणे आले. त्या गाडीचे कागद मूळचेच नसतील, तर ती गाडी नव्हे, अंगणातले शोभेचे लोखंड होते.

कागद ठीक असले की जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली शिरावे. इथे लाजणारा फसतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात सांगाड्याच्या सांध्यात जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि आतून लोखंड खाते. वरून रंग चकाचक, आतून पापुद्रे! खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. पुढचे चाक वर उचलून वर-खाली हलवून पाहावे, किंगपिन आणि बेअरिंग बोलू लागतात. स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाक हलते ते पाहावे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढावे. तिथून धूर भसाभसा आला तर इंजिन म्हातारे झाले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली, तरी विदर्भातल्या उन्हात वर्षानुवर्षे तापलेले रबर आतून तडकलेले असते.

आता नटवण्याविषयी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवर नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची, शिवाय कैदेचीही तरतूद केली. नुसता रंग बदलायचा असला तरी परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. विम्याचे तर याहून कडक! अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा गाडीच्या बदललेल्या रूपाकडे बोट दाखवते.

काही तरुण मित्रांना हा जाच वाटतो. गाडी आमची, पैसा आमचा, मग सरकारचे काय जाते, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, उत्तरही साधे आहे. गाडी उंच केली की तिचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडायला तयार होते. टायर रुंद आणि जड लावले की जुने ब्रेक आणि जुने स्टिअरिंग त्यांना पुरे पडत नाही. वळणावर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने आपली परवानगी दिलेली नसते. रस्ता एकट्याच्या मालकीचा नसतो, एवढेच त्या कलमाचे म्हणणे आहे.

मग हौस करायचीच नाही का? जरूर करावी. मूळचा टप पुन्हा शिवून घ्यावा. जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा. आसनांचे फोम बदलावे. वायरिंग नवे करून घ्यावे, कारण जुन्या वायरींनी जाळलेल्या गाड्या कमी नाहीत. कंपनीने मूळ दिला होता तोच रंग शोधून लावावा. त्यात जी ऐट आहे ती भडक पट्ट्यांत नाही. आणि बसणाऱ्यांसाठी पट्टे बसवून घ्यावेत. जुन्या जीपमध्ये पट्टे मुळातच नसत. गाडीला दार नाही, छप्पर नाही, तेव्हा माणसाला आत धरून ठेवणारी वस्तू एकच उरते. ते कसे आणि कोठे पक्के करायचे, हे परिवहन कार्यालयात विचारून आणि जाणत्या मिस्त्रीकडूनच करावे. पातळ पत्र्यात ठोकलेला पट्टा धक्क्याला पत्र्यासकट निघून येतो.

पुढचा भाग निगेचा, आणि तो कंटाळवाणा आहे म्हणूनच महत्त्वाचा. महिन्यातून एकदा ग्रीस गन घेऊन किंगपिन, पाट्यांच्या शॅकल आणि दांड्याचे क्रॉस यांना ग्रीस द्यावे. आठवड्याला ब्रेक ऑइलची पातळी आणि चाकांच्या आतली बाजू पाहावी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. एप्रिल उजाडण्यापूर्वी रेडिएटर धुवून घ्यावा, फॅन बेल्ट बोटाने दाबून पाहावा. ४५ अंशांच्या उन्हात चढावर उभी राहिलेली जीप कोणाचीही ऐट उतरवते. पावसाळा संपला की सांगाड्यातली माती पाण्याच्या फवाऱ्याने काढावी. टप ओला असताना गुंडाळून ठेवू नये, आठ दिवसांत त्याला बुरशी येते.

यात घरच्यांना सामील करून घ्यावे. आमच्या घरी आता महिन्यातला एक रविवार ग्रीसचा असतो. मुलगी कोणत्या निपलला ग्रीस दिले त्याची वहीत खूण करते, मुलगा पाना पुरवतो. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता विचारते, "ब्रेक पाहिला का रे?" हा प्रश्न ती दर वेळी विचारते आणि आम्ही दर वेळी पुन्हा वाकून पाहतो. हॉर्न केव्हाच काढून टाकला आहे. दिवे मूळचे दोनच ठेवले आहेत.

यंदाही आम्ही त्याच जीपने पोहरादेवीला गेलो. कापसाची मोकळी शेते, पळसाच्या उतरत्या बहाराचे शेवटचे लाल ठिपके, तोंडावर येणारे गरम वारे आणि डोक्यावर अथांग आभाळ! बंद काचांच्या थंड गाडीत हे मिळत नाही, म्हणून तर या उघड्या गाडीचा मोह. परतताना तोच उतार आला. पायाखाली पॅडल अर्ध्यावर घट्ट लागले आणि गाडी शहाण्या बैलासारखी जागच्या जागी उभी राहिली. मागे वळून पाहिले, तर आई पदर सावरत बाहेरची शेते पाहत होती. नातवाचा दंड तिने धरलेला नव्हता.