एडीएचडीची पहिली नोंद वर्गात व्हावी

प्रति,
शालेय शिक्षण विभाग व सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन

एडीएचडी, म्हणजे अवधान-अभाव व अतिचंचलतेचा विकार, बहुतेकदा तक्रारीच्या रूपाने घरी पोचतो. वही अर्धवट राहते, डबा शाळेत विसरतो, मूल बाकावर टिकत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडते. मग ते वांड तरी ठरते, नाहीतर लाडावलेले, आणि शिक्षा सुरू होते. वास्तविक हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित अंदाज शंभरात सुमारे पाच मुलांचा आहे.

अर्थात, प्रत्येक चंचल मुलाला एडीएचडी नसतो. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेप्रमाणे अवधानाच्या अभावाच्या नऊ किंवा अतिचंचलता व उतावीळपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे वयाच्या मानाने जास्त आणि सहा महिने टिकलेली असावी लागतात. त्यांतली काही बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाचे शिकणे किंवा मैत्री अडावी. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का अधिक बसतो, हे अनेक देशांत आढळले आहे. तिथे वयाची कसर विकार समजली जाते. उलट खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे निसटते. ऐकू कमी येणे, नजर कमी असणे, अपुरी झोप, काही सेकंद भान हरपणारी फिट, अध्ययन अक्षमता, घरातला ताण यांतूनही असेच वागणे दिसते. ते आधी तपासायला हवे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे, ही जमेची बाजू. पण या कार्यक्रमाचे तपासणी-पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि अनोळखी डॉक्टरांपुढे असे मूल शांतही बसते. सहा महिन्यांचे वागणे पाहिलेले असते ते वर्गशिक्षकांनी. म्हणून शिक्षक आणि पालक दोघांनी भरलेला एकपानी निरीक्षण-तक्ता पथकाच्या हाती पडायला हवा. त्यात निदान नको, नुसती निरीक्षणे हवीत: काय घडते, कधी, किती वेळा. निदान बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ करतील.

वर्गात करण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाला शिक्षकांजवळ, दारा-खिडकीपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, दहा गणिते दोन-दोन करून द्यावीत, फळा पुसणे, वह्या वाटणे अशा कामांतून हालचालीला वाट द्यावी. जमलेल्या गोष्टीचे कौतुक तिथल्या तिथे व्हावे. मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा मात्र पूर्ण बंद व्हावी. ज्याला हालचालीची गरज सर्वांत जास्त, त्याचीच ती हिरावली जाते. घरी झोपेच्या, जेवणाच्या, अभ्यासाच्या ठरलेल्या वेळा उपयोगी पडतात. सहा वर्षांखालील मुलांत पहिला उपाय औषध नसून पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण हा असतो. मोठ्या मुलांत मिथाइलफेनिडेटसारखी औषधे परिणामकारक ठरतात. मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, भूक, वजन, उंची आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून द्यायची असतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही त्रुटी दूर व्हायला वेळ लागेल. पण जागा बदलणे, सूचना लहान करणे, काम तोडून देणे यांसाठी कोणत्याही शाळेने प्रमाणपत्र मागू नये, एवढे परिपत्रक दोन्ही विभागांना आजच काढता येईल.